ग्रीनलंडच्या बर्फाखालची माती

आज मला माझीच एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती दुरुस्त करता करता सगळा भाग संपणार हे आधीच सांगून ठेवतो.

मागे मान्सूनवर बोलताना मी ओघात म्हणून गेलो होतो, "पृथ्वी काय, पूर्वीही तापली होती आणि पूर्वीही गार झाली होती." वाक्य तसं खोटं नाही. त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे दिले आणि मीही खूश झालो. मग एके दिवशी आमच्या रेजिमेंटमधल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. कोकणात खाडीच्या काठी त्यांची वडिलोपार्जित जागा आहे. म्हणाले, "साहेब, मुलगा म्हणत होता घर वर टेकाडावर बांधू, समुद्र वर चढतोय. मी त्याला तुमचा व्हिडिओ दाखवला. म्हटलं, बघ साहेब काय सांगतात ते. आता खालीच जोतं घालतोय. चिरा सांगून ठेवलाय."

मी सॅपर, म्हणजे लष्करातला इंजिनिअर. हा माणूस माझ्या शब्दावर, मी बांधून घेतलेल्या पुलांवरून, रात्रीच्या अंधारात गाड्या घेऊन गेलेला. पूल किती वजन घेईल हे सांगताना मी कधी ओघात बोललो नाही. मग पृथ्वीबद्दल बोलताना का बोललो? त्यांना म्हटलं, "सुभेदार साहेब, चिरा येऊ द्या, पण पाया खणायला महिनाभर थांबा. मला थोडा अभ्यास करू द्या." तो अभ्यास म्हणजे हा भाग.

आधी आजची परिस्थिती, थोडक्यात. २०२४ हे साल माणसाने पद्धतशीर नोंदी ठेवायला सुरुवात केल्यापासूनचं सर्वांत उष्ण साल ठरलं. १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा जगाचं तापमान त्या वर्षी सुमारे दीड अंशाने जास्त होतं. त्याआधी २०२३ चा जून ते २०२४ चा जून, असे सलग तेरा महिने प्रत्येक महिन्याने आपापला विक्रम मोडला. २२ जुलै २०२४ ला सगळ्या पृथ्वीची सरासरी १७.१६ अंशांवर गेली. आपल्याकडेही हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदीत २०२४ पहिलं आलं. आणि २०१५ ते २०२४ ही दहाच्या दहा वर्षं तोवरच्या नोंदींतली सर्वांत उष्ण दहा वर्षं होती. मी राहतो बडोद्याला, त्यामुळे मे महिन्याचं वर्णन करून तुम्हाला छळत नाही. तुम्ही नागपूर, झाशी, हैदराबाद कुठेही असा, तुम्हाला ठाऊक आहे.

आता खरा प्रश्न. नोंदी पावणेदोनशे वर्षांच्या. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षांचं. मग "पूर्वी तापली होती" हे तरी आपण कशावरून म्हणतो? हे ज्या जागी पहिल्यांदा नीट वाचता आलं, ती जागा लष्कराची होती, आणि लष्कर तिथे गेलं होतं भलत्याच कामासाठी.

१९५९ साली अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी ग्रीनलंडच्या बर्फात एक छावणी खणायला घेतली. नाव कॅम्प सेंच्युरी. बर्फावर नाही, बर्फाच्या आत. मोठमोठ्या बर्फ कापणाऱ्या यंत्रांनी खोल चर मारायचे, त्यावर पत्र्याच्या कमानी टाकायच्या, वर पुन्हा बर्फ लोटायचा. आत सुमारे दोनशे माणसांची सोय. झोपायच्या खोल्या, दवाखाना, वाचनालय, इतकंच काय विजेसाठी छोटी अणुभट्टीसुद्धा. जगाला सांगितलं की हे वैज्ञानिक संशोधन आहे. आतला बेत असा होता की त्या बर्फाखाली हजारो किलोमीटर बोगदे खणून त्यात सहाशेपर्यंत क्षेपणास्त्रं फिरती ठेवायची, म्हणजे रशियाला पत्ता लागणार नाही. ग्रीनलंड डेन्मार्कच्या ताब्यातलं. त्यांनाही याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट उघड झाली १९९७ मध्ये.

तो बेत बर्फानेच मोडला. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सियाचीनच्या भागात असताना आम्ही बर्फात ठोकलेले खुंट आणि बांधलेले दोर पुढच्या हंगामात मूळ जागी नसायचे. बर्फ दगडासारखा दिसतो, पण तो वाहत असतो. अगदी सावकाश, घट्ट मधासारखा. कॅम्प सेंच्युरीच्या भिंती आत सरकायला लागल्या, छत खाली यायला लागलं, जवान महिनोन् महिने भिंती तासत राहिले. अणुभट्टी १९६४ मध्ये काढून नेली आणि काही वर्षांत छावणी सोडून दिली.

पण जाण्याआधी त्यांनी एक काम पुरं केलं. दाखवायला म्हणून का होईना, संशोधन चालू होतं. त्यात बर्फात सरळ खाली एक भोक पाडायचं आणि बर्फाचा दंडगोल तुकड्यातुकड्याने वर काढायचा, असा उद्योग होता. बोअरवेल मारताना खालचा दगड कसा आहे ते पाहतो, तसंच. १९६६ च्या जुलैमध्ये ड्रिल सुमारे १३९० मीटरवर तळाला लागलं. खालपर्यंत अखंड बर्फ असा त्याआधी कुणी काढला नव्हता. तळाला लागल्यावरही ते थांबले नाहीत. बर्फाखालची गोठलेली मातीसुद्धा तीन-साडेतीन मीटर काढली. ती माती लक्षात ठेवा.

आता या बर्फात वाचायचं काय? इथे विली डॅन्सगार्ड नावाचा डेन्मार्कचा शास्त्रज्ञ येतो. १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला धो धो पाऊस लागला. या गृहस्थाने बिअरची रिकामी बाटली घेतली, तिच्यात नरसाळं लावलं आणि अंगणात ठेवून दिली. भरली की बदलायची. मग प्रत्येक बाटलीतलं पाणी त्याने यंत्रात घालून तपासलं.

पाण्यातला ऑक्सिजन सगळा एकसारखा नसतो. बहुतेक अणू हलके, पण पाचशेत एखादा जरा जड असतो. त्याला ऑक्सिजन-१८ म्हणतात. ढग थंड होत जातो तसा जड ऑक्सिजन असलेला पाण्याचा रेणू आधी खाली पडतो. उष्ण समुद्रावरून निघालेली वाफ ध्रुवाकडे जाताना वाटेत आपला जड माल टाकत टाकत जाते. हवा जितकी गार, तितका ध्रुवावर पोहोचेपर्यंत जड माल कमी उरतो. म्हणजे जुन्या बर्फातला जड ऑक्सिजन मोजला की तो बर्फ पडला त्या वेळी हवा किती गार होती ते कळतं. बर्फाचा थर म्हणजे त्या वर्षीचा थर्मामीटर. एवढी साधी गोष्ट, एका बिअरच्या बाटलीतून निघालेली. मला तर ही गोष्ट चंद्रावर जाण्याइतकीच मोठी वाटते, पण ते असो.

डॅन्सगार्डने लष्कराकडे नमुने मागितले, लष्कराने दिले, आणि १९६९ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वर्षांचा तापमानाचा आलेख जगासमोर ठेवला. हिमयुग त्यात स्पष्ट दिसत होतं. आणि दिसले विचित्र झटके. हिमयुगाच्या मध्येच ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत कितीतरी अंशांनी उसळायचं आणि मग हळूहळू पुन्हा उतरायचं. पुढच्या खोदकामांत हे झटके पक्के झाले.

इथे माझ्यासारखाच कुणीतरी म्हणेल, "बघा! तेव्हाही भराभर तापलं होतं." हो, तापलं होतं. पण ग्रीनलंडमध्ये. समुद्रातले प्रवाह उष्णता उत्तरेकडे नेतात. ते प्रवाह मंदावले की उत्तर गारठते, जोरात वाहिले की तापते. त्याच काळात दक्षिण ध्रुवाकडे बरंचसं उलटं चाललेलं दिसतं. म्हणजे ऊब एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. आज तसं नाही. आज सगळ्या खोल्या एकाच वेळी तापताहेत. या झटक्यांतून मला मात्र दिलासा मिळाला नाही. हवामानात अशी काही कळ आहे की ती दाबली गेली तर एका माणसाच्या आयुष्यात सगळं पालटू शकतं, एवढं त्यावरून कळतं.

दुसरी साक्ष अंटार्क्टिकाची. तिथे व्होस्तोक हे रशियाचं केंद्र आहे, जिथे १९८३ साली उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. तिथून सव्वाचार लाख वर्षांचा बर्फ काढला गेला. मग युरोपीय देशांच्या पथकाने डोम सी इथे तीन किलोमीटरहून खोल जाऊन आठ लाख वर्षांचा काढला. बर्फ दाबला जाताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. म्हणजे थर्मामीटर तर आहेच, शिवाय त्या वेळची खरीखुरी हवा बाटलीत बंद करून ठेवलेली. ती हवा मोजली. आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० यांच्यामध्येच वरखाली होत राहिला. गार काळात कमी, उबदार काळात जास्त. कारखाने सुरू व्हायच्या आधी तो २८० होता. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे.

मग पूर्वी कोण मोटारी चालवत होतं, हा प्रश्न मला दर भागाखाली येतो. कोणीही नाही. पूर्वीचे चढउतार मुख्यतः पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हजारो वर्षांत थोडा थोडा बदलल्यामुळे सुरू व्हायचे. पण एखादा पूल पूर्वी पुराने पडला होता म्हणून या वेळीही पुरानेच पडला असं चौकशीत धरत नाहीत. जागेवर काय सापडलं ते पाहतात. जागेवर काय सापडतं? कक्षेच्या हिशेबाने आपण आज अगदी हळू गार व्हायला हवं. उपग्रह १९७८ पासून सूर्य मोजताहेत, तो काही जास्त तापलेला नाही. सूर्यामुळे तापलं असतं तर वरचं वातावरणही तापलं असतं. ते उलट गार होतंय. आणि हवेत वाढलेल्या कार्बनवर कोळसा आणि तेलाचा ठसा आहे, कारण लाखो वर्षं गाडलेल्या कार्बनात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. लष्करी चौकशीत एवढ्या साक्षी जुळल्या की अहवालावर सही करतात.

वेगाचाही हिशेब करून टाकू. शेवटचं हिमयुग भरात होतं तेव्हा जग आजच्यापेक्षा पाच ते सात अंशांनी गार होतं, आणि इतकं पाणी बर्फात अडकलेलं की समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईचा किनारा तेव्हा पश्चिमेला कितीतरी कोस पलीकडे. तिथून वर यायला पृथ्वीला सात ते दहा हजार वर्षं लागली. म्हणजे एक अंशाला हजार-दीड हजार वर्षं. आज आपण दर दहा वर्षांना साधारण ०.२ अंश चढतोय, म्हणजे एक अंशाला पन्नास वर्षं. माणसाने शेती, गावं, बंदरं हे सगळं उभं केलं ते त्यानंतरच्या दहा-अकरा हजार वर्षांच्या शांत काळात.

आता त्या मातीकडे वळतो.

कॅम्प सेंच्युरीचा बर्फ जगभर तपासला गेला, पण खालच्या मातीकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. ती अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाच्या शीतगृहात पडून राहिली, तिथून १९९० च्या दशकात कोपनहेगनला गेली आणि विस्मरणात गेली. सामान एका शीतगृहातून दुसरीकडे हलवताना काचेच्या बरण्या सापडल्या. लष्करी स्टोअरमध्ये काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. स्टॉक टेकिंगला निघतं ते बरेचदा यादीत नसतंच!

व्हरमाँट विद्यापीठातले पॉल बिअरमन आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे त्यातला थोडा भाग आला. माती पाण्यात धुताना वर काही काळे ठिपके तरंगायला लागले. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर काड्या, पानांचे तुकडे, शेवाळ. दीड किलोमीटर बर्फाखाली! म्हणजे ज्या जागी १३९० मीटर जाडीचा बर्फ आहे, तिथे कधीतरी उघडी जमीन होती, त्यावर ऊन पडत होतं आणि झुडपं उगवत होती. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मग वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते मोजायची एक रीत आहे, तिने वय काढलं. २०२३ मध्ये उत्तर आलं: सुमारे ४ लाख १६ हजार वर्षं, अडतीस हजार इकडे किंवा तिकडे.

हे वय वाचल्यावर मी अंटार्क्टिकाचा आलेख पुन्हा काढला. चार लाख वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता? २८० च्या आसपास. कारखान्यांच्या आधी होता तेवढाच. फक्त तो उबदार काळ लांबला होता, जवळजवळ तीस हजार वर्षं. तेवढ्यावर ग्रीनलंडच्या वायव्येचा बर्फ गेला. संशोधकांच्या हिशेबाने एकट्या ग्रीनलंडच्या वितळण्याने तेव्हा समुद्र किमान १.४ मीटर चढला असणार. सगळा मिळून तो आजच्यापेक्षा ६ ते १३ मीटर वर होता असा अंदाज आहे.

म्हणजे "पृथ्वी पूर्वीही तापली होती" हे माझं वाक्य खरंच होतं. मी ते पुरतं वाचलं नव्हतं. पूर्वी तापली होती, आणि आजच्यापेक्षा कितीतरी कमी कार्बनवर ग्रीनलंडचा बर्फ उतरला होता. जे मी दिलासा म्हणून सांगितलं ते खरं तर इशारा होतं.

पण इथे मी ब्रेक लावतो, कारण घाबरवणारे व्हिडिओ आधीच भरपूर आहेत. चार लाख वर्षांपूर्वीचं ते वितळणं हजारो वर्षं चाललं. ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर समुद्र सात मीटरहून जास्त चढेल, पण तो सकाळी उठल्यावर दारात येणार नाही. सध्या तिथून वर्षाला सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त बर्फ कमी होतोय. १९०१ ते २०१८ मध्ये जगभरचा समुद्र सुमारे वीस सेंटिमीटर चढला. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा २१०० सालचा अंदाज, उत्सर्जन झपाट्याने कमी केलं तर सुमारे २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि भरमसाट चालू ठेवलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर असा आहे. या दोन आकड्यांतला फरक आपल्या हातात आहे. पूर्वीच्या कुठल्याच उबदार काळात तो कुणाच्याच हातात नव्हता.

आणि ज्यांना वाटतं की हे ध्रुवाकडचं प्रकरण आहे, आपलं काय, त्यांच्यासाठी मेघालय. चेरापुंजीजवळ, म्हणजे आताच्या सोहराजवळ, मॉम्लू नावाची गुहा आहे. तिच्यात थेंबाथेंबाने वाढलेल्या चुन्याच्या खांबात तोच ऑक्सिजन-१८ मोजला, डॅन्सगार्डच्या बाटलीतला. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून ढिला पडला आणि बराच काळ ढिलाच राहिला, असं त्यात दिसलं. ही खूण इतकी ठळक की २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथून पुढच्या कालखंडाला, ज्यात आपण आज जगतोय, मेघालयन असं नाव दिलं. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं त्यानंतर ओसरत गेली. त्यात पावसाचा वाटा किती, यावर पुरातत्त्ववाले अजून भांडतात, भांडू द्या. माझा मुद्दा एवढाच की जगाच्या सरासरीत आजच्यासारखी मोठी उडी नसतानाही आपला पाऊस बिथरू शकतो.

महिना संपायच्या आत मी सुभेदार साहेबांना फोन केला. हे सगळं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "अमावस्येच्या उधाणाला पाणी तुमच्या जागेत कुठपर्यंत येतं?" म्हणाले, "माडाच्या दुसऱ्या रांगेपर्यंत. वडिलांच्या वेळी पहिल्या रांगेलाही लागत नव्हतं." विहिरीचं विचारलं, तर गेल्या काही उन्हाळ्यांपासून पाणी मचूळ लागतंय. मग मी हिशेब सांगितला: आजचं उधाण, त्यावर वादळात चढणारं पाणी, त्यावर एक मीटर. घर नातवंडांसाठी आहे, तर नातवंडांच्या वेळचा समुद्र धरायचा. आणि म्हटलं, "माझं आधीचं बोलणं अर्धवट होतं. चूक माझी."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे पोरगा बरोबर होता."

"हो, बरोबर होता."

"त्याला हे मी सांगू का तुम्ही सांगता, साहेब?"

मी म्हटलं, फोन द्या त्याच्याकडे. चिरा आता टेकाडावर चढवायला बैलगाडीची वाट नाही, ट्रॅक्टर लागणार आहे, त्याचा खर्च वेगळा. पुढच्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. नवी आखणी जुन्या जागेपासून साठ पावलं वर, चुन्याची पांढरी रेघ, आणि रेघेवर त्यांची नात उभी.